घराच्या मध्यभागी सौना

१३ जानेवारी, सोमवार

इंटरनेटच्या हेल्पलाइनवाल्या बाईने सांगितलं, नेट कधी मंद होतं आणि कधी बंद पडतं ते लिहून ठेवा, पुराव्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही. म्हणून ही डायरी. लाकूड कंपनीने नाताळात वाटलेली आहे, दर महिन्याला एका झाडाचं चित्र. मी उभा जन्म रस्त्यावरचा बर्फ काढण्यात घालवला आणि रोज गाडीची वही भरली, त्यामुळे लिहायचा कंटाळा नाही. घरी बसल्यापासून लिहिण्यासारखं काही घडलं नाही, एवढंच.

तर, आज सकाळी नेट मंद. तीयाचा चेहरा चौकोनी ठिगळांचा दिसत होता. तीया ही कायानी शहराच्या घरपोच सेवेतली नर्स. घरपोच म्हणायचं आपलं. नव्वद किलोमीटर बर्फातून रोज कोण येणार? ती सकाळ-संध्याकाळ टॅबवर येते, माझ्या बायकोने, हिल्काने, गोळ्या घेतल्या का, खाल्लं का, बरी दिसते का ते बघते आणि जाते. हिल्काला विसरण्याचा आजार आहे. तिसरं वर्ष चालू आहे.

आज तीया म्हणाली, "रेइनो, भेट अशी तुटत राहिली तर आम्हाला ती धरता येत नाही. महिनाअखेरीला ऑफिस सगळं तपासतं. भेटी नीट होत नसतील तर हिल्कासाठी इथे कायानीत जागा शोधावी लागेल."

"जागा आहे तिला," मी म्हटलं. "माझ्या शेजारी."

हे वाक्य तिच्यापर्यंत पोचलं की नाही कोण जाणे, कारण नेमका तेव्हाच आवाज गेला. चित्र नीट आलं पाहिजे, बस. बाकीचं सगळं मी बघतो. रस्ता अडला म्हणजे अडथळा कुठेतरी असतोच, आणि अडथळे शोधण्यातच माझी हयात गेली आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी चित्र मध्येच अडकलं. तीया तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटलेले, तशीच राहिली. मी राउटरकडे धावलो. तो कपडे बदलायच्या खोलीत असतो, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, पलीकडे, कारण जमिनीतून केबल तिथेच वर आली आहे. बटण बंद केलं, थोडा थांबलो, बटण चालू केलं. परत येतो तर हिल्काने आपली राखी लोकरीची शाल काढून टॅबभोवती गुंडाळलेली.

"अगं, हे काय?"

"पोर थिजलीय, रेइनो. बघ, हलतसुद्धा नाही. बाहेर एवढी थंडी, आणि हिला खिडकीत कुणी बसवलं?"

"ती कायानीत आहे, गरम खोलीत. चित्र अडकलंय फक्त."

"तू गप्प बस. तुला कधी कुणाची थंडी कळलीय?"

तीया परत आली तेव्हा तिला पडदाभर लोकर दिसली असणार. हसली. हिल्काने तिला कॉफी विचारली. रोज विचारते, आणि तीया रोज म्हणते, आत्ताच घेतली. भेट धरली का ते विचारायचं राहून गेलं.

१६ जानेवारी, गुरुवार

हेल्पलाइनला फोन. बराच वेळ वाजंत्री ऐकल्यावर बाई आली. दक्षिणेकडची, बोलणं भरभर.

"राउटर कुठे ठेवलाय तुम्ही?"

"फळीवर."

"घराच्या कुठल्या भागात? शक्यतो मध्यभागी असावा."

"मध्यभागी सौना आहे."

"घराच्या मध्यभागी?"

"घर तिच्याभोवती आहे."

शहरातल्या माणसाला हे कोण समजावणार? आधी सौना, मग घर. आमच्याकडे शहाणा माणूस याच क्रमाने बांधतो. पहिला हिवाळा मी आणि हिल्का सौनातच राहिलो. आमची मुलगी मार्युत तेव्हा तान्ही होती. खालच्या बाकावर आम्ही, वरच्या बाकावर तिची टोपली, कारण ऊब वर जाते. मग सौनाला धरून एका अंगाला स्वयंपाकघर वाढवलं, दुसऱ्या अंगाला झोपायची खोली, मागे कपड्यांची. लाकडी फळ्यांच्या आत, भिंतींना आणि छताला, अ‍ॅल्युमिनियमचा चंदेरी कागद मी स्वतः लावला. लोक एक थर लावतात, मी दोन लावले, आणि प्रत्येक सांध्यावर पट्टी. हिल्का गुंडाळी धरून उभी होती आणि म्हणत होती, "सौना बांधतोयस की बँकेची तिजोरी?" तेव्हापासून आजवर या भिंतीतून वाफेचा कण बाहेर गेलेला नाही.

बाई म्हणाली, राउटर जुना असेल, नवा पाठवते.

आज गुरुवार म्हणून वाटाण्याचं सूप केलं. हिल्काने तीन चमचे घेतले आणि वाडगा माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "मुलांना आधी." हिल्का शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. गुरुवारी सूप आणि धिरडी.

१८ जानेवारी, शनिवार

शेजारी ताइस्तो आला, तळ्यापलीकडून, गोठलेल्या पाण्यावरून स्कीवर. शनिवारी सौनाला येतोच. लग्न केलं नाही, त्यामुळे जीभ अजून तरुण आहे.

"अरे म्हाताऱ्या, तुझं नेट तुझ्यावरच गेलंय. उठायला वेळ, बोलायला वेळ, आणि विचारलं तर म्हणतं सगळं ठीक."

नोंद: सौना तापवली की नेट आणखी मंद होतं. राउटरची फळी धुराड्याच्या भिंतीला लागून आहे. आज तो चांगलाच तापला होता आणि दिवा लाल. संध्याकाळची भेट जवळ आली होती. हिल्काला सौनात खालच्या बाकावर बसवलं आणि मी बाहेर राउटरचं बटण बंद-चालू करत उभा राहिलो. ताइस्तो लाकडं आणायला गेला होता. तेवढ्यात हिल्काने चुलीवरच्या दगडांवर तळहात ठेवला.

ओरडली नाही. मी आत गेलो तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तापलाय. आता पीठ ओता."

हात गार पाण्यात धरला. मलम, पट्टी, वरून विणलेला हातमोजा. ताइस्तो दारात उभा होता. "डॉक्टरला दाखवायला हवं रे." मी म्हटलं, चित्र नीट झालं की तीयालाच दाखवू. ताइस्तो गप्प बसला की मला आवडत नाही.

संध्याकाळच्या भेटीत नुसते चौकोन. "हिल्काच्या गालांवर छान लाली आलीय आज," तीया म्हणाली. "सौना," मी म्हटलं. नशीब, निदान आवाज तरी धड आला.

२१ जानेवारी, मंगळवार

नेट सकाळी बरं, दुपारनंतर मंद.

जेवण झाल्यावर खुर्चीत माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा घर गार पडलेलं आणि बाहेरचं दार सताड उघडं. हिल्का तळ्याकाठच्या धक्क्यावर, पायात नुसते मोजे, दोन्ही हात तोंडाशी धरून हाका मारत होती. "सूप गार होतंय! या रे!" समोर गोठलेलं तळं, चिटपाखरू नाही. मी तिला खांद्यावर टाकून आणलं. उचलायला लागलो तर जड लागेल म्हणून श्वास रोखून धरला होता, पण तिचं वजन राहिलेलंच नाही. पूर्वी मला दोनदा थांबावं लागलं असतं.

पाय ठीक. दोन बोटं पांढरी झाली होती, चोळल्यावर लाल झाली.

दाराची आतली मूठ काढून खिशात ठेवली. आणि ठरवलं, मी झोपलो की तिच्या मनगटाला आणि माझ्या मनगटाला एक गोफ बांधायचा. तिच्याच लोकरीचा विणला, मऊ आहे. ती उठली की मला कळेल. तीयाला हे सांगण्यात अर्थ नाही. ती तिकडे गरम खोलीत बसून भलताच अर्थ काढायची.

२४ जानेवारी, शुक्रवार

नवा राउटर आला. जुना काढला, नवा त्याच फळीवर ठेवला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याने नऊ मिनिटंही काढली नाहीत.

मार्युतचा व्हिडिओ कॉल, तांपेरेहून. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे बोलणं कायम फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं.

"बाबा, आईला जागा मिळाली तर नाही म्हणू नकोस. ऐकतोयस ना? आणि जरा स्वतःकडे बघ. किती वाळलायस."

"तुला काय दिसतंय? इथून नुसते चौकोन जातात."

"चौकोनसुद्धा वाळलेत, बाबा."

मी म्हटलं, तू लहानपणी सौनाच्या बाकावर वाढलीस, तुझ्या आईला मी कायानीत कुणाच्या हाती देऊ? ती म्हणाली, "मला रोज वाटतं, एक दिवस मी फोन करीन आणि तुम्ही दोघंही..." इथे आवाज तुटला. मग "बाबा" असं ऐकू आलं, आणि परत तुटला. हे नेट. मी म्हटलं, काही ऐकू येत नाही पोरी, नंतर बोलू.

२६ जानेवारी, रविवार

सकाळची भेट मध्येच बंद पडली, गोळ्यांच्या आधीच. म्हणजे धरली गेली नसणार.

आज मी हिल्कावर ओरडलो. तिने गोळी थुंकली, मी परत दिली, परत थुंकली. राउटरवर ओरडायचं ते तिच्यावर ओरडलो. भांडी वाजली इतक्या जोरात. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "रेइनो घरी आला ना, की मी त्याला सांगणार आहे."

मी थुंकलेली गोळी उचलायला खाली बसलो. बसल्या बसल्या लक्षात आलं की सकाळपासून मी एका पायात बूट आणि एका पायात सपात घालून फिरतोय.

लोकरीच्या गोफाची गाठ तिने सोडवली. पहाटे दाराशी सापडली, मुठीच्या जागी नुसतं बोट फिरवत होती. आयुष्यभर विणकाम केलेल्या बोटांना गाठी शिकवाव्या लागत नाहीत. आता कपडे वाळत घालायची दोरी घेतली आहे. जरा टोचते, पण सुटत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

सापडलं!

महिना संपत आला म्हणून आज ठाण मांडून बसायचं ठरवलं. हिल्का सकाळभर शांत होती. मी फोन हातात घेऊन खोलीखोलीतून फिरलो आणि पडद्यावरच्या सिग्नलच्या रेघा बघत गेलो. कपड्यांच्या खोलीत, राउटरसमोर, पूर्ण. स्वयंपाकघरात टेबलाशी एकच, तीही लुकलुकती. सौनात जाऊन दार लावून घेतलं, तर एकही नाही. राउटर भिंतीपलीकडे हाताच्या अंतरावर, आणि फोन मेल्यासारखा. दार उघडलं, रेघा आल्या. लावलं, गेल्या.

मी बाकावर बसलो आणि छताकडे बघत राहिलो. चंदेरी कागद, दोन थर. त्यातून वाफ जात नाही, तसं नेटही जात नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो असा. बिचाऱ्या हेल्पलाइनवाल्या बाईला मी चोर ठरवलं, नवा राउटर मागवला, आणि आडवी भिंत माझी स्वतःची, पट्ट्या मारमारून पक्की केलेली.

उपाय सोपा आहे. लांब केबल घ्यायची, घरातल्या बोळातून वरच्या कडेने सौनाला वळसा घालायचा, आणि राउटर स्वयंपाकघरात आणायचा. ताइस्तोकडे केबल असणार. त्याच्याकडे सगळं असतं, फक्त बायको नाही.

हिल्काला सांगितलं, "तुझं म्हणणं खरं होतं, तिजोरीच बांधली मी." ती म्हणाली, "मग पैसे कुठेत?" आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मला इतकं बरं वाटलं की मी तिला दोन लोणी-पाव भरवले आणि तिने एक खाल्ला.

३० जानेवारी, गुरुवार

ताइस्तो केबल घेऊन आला. मी शिडीवर, तो खालून केबल सोडतोय, हिल्का टेबलाशी बसून जुन्या राउटरला पुसतेय. बोळातल्या बाहेरच्या दाराला मूठ नाही हे त्याने बघितलं. झोपायच्या खोलीत पलंगाच्या पायाला अडकवलेली दोरीही बघितली.

"रेइनो," तो म्हणाला, "चित्र स्वच्छ व्हायला हवंय का रे तुला, खरंच?"

"म्हणजे काय? उद्या महिनाअखेर. त्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"हो. ते आहेच."

"मग?"

"काही नाही. हा खिळा घे."

म्हातारा होत चाललाय.

राउटर आता पावाच्या डब्याशेजारच्या फळीवर आहे. हिरवा दिवा. फोनवर सगळ्या रेघा. ताइस्तोने निघताना हिल्काचा चांगला हात बराच वेळ हातात धरला. ती म्हणाली, "थंडीचं बाहेर फिरू नकोस, ताइस्तो." त्याचं नाव तिला आठवलं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी टॅब टेबलावर उभा केला. हिल्काचे केस विंचरले, निळं जाकीट घातलं. तीया आली आणि मी बघतच राहिलो. तिच्या डाव्या भुवईत एक बारीक व्रण आहे. इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा दिसला. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता येत होतं.

"कसं दिसतंय?" मी विचारलं. छाती फुगली होती, कबूल करतो.

"अगदी स्वच्छ," ती म्हणाली. आणि मग काही बोललीच नाही. मला वाटलं, परत अडकलं. पण अडकलं नव्हतं. तिच्या पापण्या हलत होत्या.

"रेइनो, टॅब जरा हिल्काच्या जवळ नेता का? अजून थोडा. हिल्का, तुम्ही घरात हातमोजा का घातलाय?"

"पीठ लागतं ना हाताला," हिल्का म्हणाली.

"काढून दाखवता मला?"

मी काढला. पट्टीही काढली. मला वाटत होतं त्यापेक्षा वाईट दिसत होतं, उजेडात आणल्यामुळे असेल. मग बाही वर गेली आणि दोरीचे वळ दिसले. मी सांगितलं, ते कशाचे आहेत आणि का. उणे तीसमध्ये धक्क्यावर जाण्यापेक्षा वळ परवडले, असंही सांगितलं. सरळ सांगितलं, लपवण्यासारखं काय आहे?

तीया रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिने विचारलं, "तुम्ही सलग कधी झोपला होतात, रेइनो?"

मी म्हटलं, भेट धरली ना आजची? ती म्हणाली, हो. आजची धरली.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण अजून काही बिघडलेलं नाही. त्यांनी चित्र मागितलं होतं, चित्र दिलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गाडीने दोन बायका आल्या, एक डॉक्टर आणि एक ऑफिसातली. मी कॉफी केली, बन गरम केले. माणसं चांगली होती. बूट दाराशी काढले. डॉक्टरबाईने हात नीट साफ करून बांधला, हिल्काला काट्यावर उभं केलं आणि आकडा मला न सांगता लिहून घेतला. ऑफिसवाली बोळात जाऊन दाराकडे बघत उभी राहिली. खिशातली मूठ काढून मी तिला दाखवली, की हरवलेली नाही, इथेच आहे.

"तुम्ही काही वाईट केलं नाहीत, रेइनो," ती म्हणाली.

"मग का नेताय?"

"एका माणसाचं काम नाही हे. तिकडे तिघं-तिघं पाळीपाळीने करतात."

मी तिला राउटर दाखवला. केबल कुठून कशी आणली ते दाखवलं. म्हटलं, तुमचं म्हणणं भेटींचं होतं, आता भेटी नीट होतील, हवं तर वेग मोजून बघा, आत्ता, माझ्यासमोर. मी फोनवर मोजून दाखवला. आकडा उत्तम होता. त्या दोघी तो आकडा बघत राहिल्या, आणि डॉक्टरबाईने माझ्या दंडावर हात ठेवला. मला ते आवडलं नाही.

शुक्रवारी जागा रिकामी होते म्हणाल्या. तिथली जागा रिकामी कशी होते, ते मी विचारलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नेलं.

मी बॅग भरली. लोकरीचे मोजे, निळं जाकीट, कंगवा, शाळेतल्या बायकांनी निवृत्तीला दिलेला कप. मार्युत येणार होती, पण वादळामुळे गाड्या उशिरा होत्या. ती परस्पर कायानीला पोचली. गाडीत पुढच्या सीटवर हिल्काला बसवलं. रस्ता स्वच्छ होता, सकाळी कुणीतरी बर्फ चांगला काढला होता. इतका चांगला काढायला नको होता, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मी खिडकीशी वाकलो. म्हटलं, मंगळवारी येतो, ताइस्तो आणणार आहे मला. हिल्काने माझ्याकडे बघितलं, सभ्यपणे, शाळेत आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.

"दार लावून घ्या हं तुमचं," ती म्हणाली. "थंडी आत येतेय."

घरात आल्यावर मी दाराला मूठ बसवली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कायानीला जाऊन आलो. ती झोपली होती. हात बरा होतोय. गाल भरल्यासारखे वाटले, चारच दिवसांत. ते बघून आनंद व्हायला हवा होता.

इंटरनेटवाल्यांचा फोन. गोड आवाजाची पोरगी. "तुमची समस्या सुटली का?"

"सुटली."

"आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?"

मी म्हटलं, चित्र फार स्वच्छ येतं. ती म्हणाली, ऐकून आनंद झाला.

संध्याकाळी मार्युतचा कॉल. आईची राखी शाल सापडत नाही, तिकडे पाठव म्हणाली, तिला थंडी वाजते. मी म्हटलं, शोधतो. शाल माझ्या मांडीवर होती. मार्युत म्हणाली, "बाबा, तू केलंस ते... दुसऱ्या कुणाला इतकं..." आणि आवाज परत तुटला. इथे तर सगळ्या रेघा पूर्ण होत्या. म्हणजे दोष तिच्या बाजूच्या नेटचा असणार. तिला सांगायला हवं, राउटर कुठे ठेवलाय ते बघ म्हणून.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिथे शनिवारी संध्याकाळी नातेवाइकांना टॅबवर बोलू देतात. मी दाढी केली, शर्ट बदलला.

चित्र असं आलं की काय सांगू! तिच्या कानामागचा तीळ दिसत होता. केस कापलेत, आखूड, सगळ्यांचे कापतात तसे. मागून कुणीतरी म्हणालं, "हिल्का, बघा कोण आलंय."

तिने बघितलं. डोळे स्वच्छ, निळे, आणि त्यांत काहीही नाही. काचेवरून हात फिरवावा तशी तिची नजर माझ्यावरून गेली.

"मी रेइनो," मी म्हटलं.

"कॉफी घेणार का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आत्ताच घेतली.

"घरचे सगळे बरे ना तुमच्या?"

बरे आहेत म्हटलं. मग ती कंटाळली आणि खिडकीकडे बघायला लागली, आणि मी तिचा गाल बघत बसलो, गालावरची बारीक लव दिसेपर्यंत. एकदाही अडकलं नाही. एकदाही तुटलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

राउटर परत कपड्यांच्या खोलीत नेला, जुन्या फळीवर. स्वयंपाकघरात त्याचा हिरवा दिवा डोळ्यांत जातो. शिवाय पावाच्या डब्याशेजारी ती काही जागा नव्हे. केबल गुंडाळून ताइस्तोला दिली.

दुपारी सौना तापवली. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. ताइस्तो म्हणाला, "आज संध्याकाळी कॉल आहे ना तुझा?" मी म्हटलं, आहे की. मग तो लाकडं आणत राहिला. जरा जास्तच आणली. चूल लालबुंद झाली, धुराड्याची भिंत तापली, राउटर हात लावू देईना.

टॅब टेबलावर ठेवला. हिल्का आली, सगळी ठिगळांची. जाकीट निळं आहे एवढं कळत होतं, आणि पांढरं म्हणजे केस. आखूड की लांब, ते काही कळत नव्हतं.

"कोण?" आवाज खडखडत आला.

"मी. रेइनो."

ठिगळं हलली, तोंड माझ्याकडे वळलं. क्षणभर सगळं जुळून आलं आणि तिथेच अडकलं. आवाज गेला. मी उठलो नाही, राउटरकडे धावलो नाही. तिचे डोळे सरळ माझ्याकडे होते, ओठ किंचित उघडे, जीभ वर टेकलेली. 'रे' म्हणताना तोंड असंच होतं. पन्नास वर्षं बघत आलोय, मला कळतं.

ताइस्तो सौनातून हाका मारत होता, वाफ वाया चाललीय म्हणून. मी म्हटलं, थांब जरा.

खुर्चीवरची राखी शाल घेतली आणि तिच्याभोवती नीट गुंडाळली, तोंड तेवढं उघडं ठेवून.